घरी बसलेल्या मोठ्या माणसांची निगा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने मुलांविषयी बोलावे, त्यांना चार उपदेश करावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. आज मी तो पाळणार नाही. मला बोलायचे आहे ते मुलांच्या आईबापांविषयी, घरातल्या दादी-नानीविषयी, कमावत्या चाचाविषयी. साथीच्या काळात ज्या मोठ्या माणसाला घरात बसून राहावे लागते, त्याने स्वतःला कसे सांभाळावे, हा माझा विषय आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, साथ तर केव्हाच सरली, आता हे कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, ही गोष्ट खरी. पण घर शाकारायचे ते पावसाळ्याच्या आधी. पाऊस सुरू झाल्यावर शिडी शोधणाऱ्याला भिजावेच लागते. शिवाय घरी बसण्याची पाळी केवळ साथीतच येते असे नाही. हाड मोडले, नोकरी गेली, शस्त्रक्रिया झाली, तरी ती येते.

ते दिवस जरा आठवा. 22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू झाला. 24 तारखेच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि 25 पासून देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला. एकवीसचे मग 3 मेपर्यंत गेले, 3 मेचे 17 आणि 17 चे 31. एसटी थांबली, आठवडी बाजार थांबले. मुंबई, पुणे, हैदराबादला कामाला गेलेली आपली माणसे मिळेल त्या वाहनाने आणि काही तर पायी परत आली. 25 एप्रिलला रमजान सुरू झाला तेव्हा तरावीह घरातच पढावी लागली आणि 25 मे रोजीची ईद ईदगाहविना गेली. दुसऱ्या वर्षी, 14 एप्रिल 2021 रोजी, पहिल्या रोजाच्याच संध्याकाळी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले.

या सगळ्या काळात मुलांची चौकशी सर्वांनी केली. अभ्यास होतो का, मोबाईल आहे का, रेंज येते का. मोठ्या माणसाला मात्र कोणी विचारले नाही की, बाबा रे, तुझा दिवस कसा जातो? मोठा माणूस म्हणजे घराचा खांब. खांबाला काय विचारायचे, अशी आपली समजूत.

आपल्या गावाची आणखी एक गंमत सांगतो. सर्पदंशाच्या उपचारासाठी ज्यांचे नाव दूरवर गेले, ते डॉ. दिलीप पुंडे आपल्या मुखेडचे. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, हे या भागातल्या माणसाला आता सांगावे लागत नाही. धावून जीव वाचतो, हे आपण शिकलो. पण बसून जीव वाचतो, हे कोणी शिकवले नव्हते. जुनी माणसे तर उलटेच सांगत. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव फिरला, तेव्हा घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे घर सोडून शेतात झोपड्या टाकून राहत. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, म्हणून घराबाहेर पडणे शहाणपणाचे होते. कोरोना माणसाच्या श्वासातून येतो, म्हणून माणसांपासून दूर राहणे शहाणपणाचे ठरले. रोग कसा पसरतो हे कळले, तरच बसायचे की उठायचे ते ठरवता येते.

साथ आलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर तिथून पळ काढू नये, अशी शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. सातव्या शतकात शाम देशाकडे निघालेले हजरत उमर वाटेत साथीची खबर मिळताच माघारी फिरले. हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे का, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे आपण जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा सावधगिरी म्हणजे ईमानाची कमजोरी, असे जे काही लोक 2020 साली मोहल्ल्यात सांगत होते, त्यांनी हा प्रसंग वाचायला हवा होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बसण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. बाळंतीण चाळीस दिवस चिल्ला पाळते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातला कोणीतरी मशिदीत एतेकाफला बसतो. या दोन्हींकडे नीट पाहा. दोन्हींना मुदत आहे, दोन्हींत दिवसाची वाटणी ठरलेली आहे. बाळंतिणीचा शेक, न्हाणे, खाणे ठरलेले. एतेकाफवाल्याची इबादत, झोप, जेवण ठरलेले. आणि दोन्हींत बसणाऱ्याच्या मागे दुसरे कोणीतरी राबत असते. घरून डबा जातो तेव्हा एतेकाफ पार पडतो. सासू, आई, नणंद चुलीपाशी उभी राहते, तेव्हा बाळंतिणीला पाठ टेकता येते. टाळेबंदीत या तिन्ही गोष्टी सुटल्या. मुदत पुढे पुढे सरकत गेली, दिवसाची घडी विस्कटली आणि सगळेच बसले तेव्हा राबायचे कोणी, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो न विचारताच परस्पर सुटला. कसा सुटला ते पुढे सांगतो.

प्रथम शरीराचे पाहू. मी डॉक्टर नाही. डॉक्टर मंडळी जे वारंवार सांगतात तेच मांडतो. जो माणूस वर्षानुवर्षे पोती उचलतो, भिंत बांधतो, ट्रक चालवतो, हातगाडा ढकलतो, त्याला एकदम खाटेवर बसवले की आधी झोप बिघडते. दुपारी तीन तास झोपायचे, मग रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहायचा, सकाळी दहाला उठायचे आणि दिवसभर अंग जड झाले म्हणून चहावर चहा घ्यायचा. महिनाभर असे चालले की माणूस आजारी नसूनही आजारी दिसू लागतो. यावर औषध फार साधे आहे. उठण्याची वेळ बदलू नये. झोपायला उशीर झाला तरी उठायचे ठरल्या वेळीच. फज्रला उठणाऱ्याची ही घडी आपोआप बसते. अडचण येते ती फज्रनंतर पुन्हा आडवे होऊन दुपार गाठणाऱ्याची. दुपारची झोप घ्यावी, पण अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये.

दुसरे चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितले की, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. दिवसाला पंचवीस मिनिटे सुद्धा होत नाहीत. अंगण असेल तर अंगणात, गच्ची असेल तर गच्चीवर, नाहीतर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आपल्याकडे पत्र्याची घरे पुष्कळ, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो. म्हणून चालायचे ते उजाडताना किंवा असरनंतर. खिडकी-दार उघडे ठेवावे. बंद खोलीत रोगही साठतो आणि रागही.

ज्यांना साखरेचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. टाळेबंदीत गोळ्या संपल्या आणि बाहेर कसे जावे म्हणून आणल्या नाहीत, असे पुष्कळ घरांत झाले. बरे वाटते म्हणून सोडल्या, असेही झाले. गोळी घेतल्याने बरे वाटत असते, हे आपण विसरतो. गोळ्या महिनाभर आधी घरात असाव्यात. कोणती गोळी केव्हा, हे एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. हे काम आठवीच्या मुलाने करायचे आहे, त्याचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते. रमजान येत असेल तर रोजे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. डॉक्टरांशी घरून बोलण्यासाठी सरकारने एप्रिल 2020 मध्ये ई-संजीवनी ही सोय सुरू केली. ती मोबाईलवर कशी उघडायची हे मुलांना शिकून घ्यायला सांगा. तंबाखू-गुटख्याचे काय बोलू? घरात बसलेला माणूस कंटाळ्याने दुप्पट खातो. दुकाने बंद म्हणून ज्यांची ती सवय अडीच महिन्यांत सुटली आणि दुकान उघडताच परत लागली, त्यांना एवढेच विचारतो की, अडीच महिने राहता आले ना?

आता मनाचे. बातमी हा मनाचा आहार आहे आणि त्या दोन वर्षांत आपण अजीर्ण होईपर्यंत बातम्या खाल्ल्या. आपल्या समाजाच्या वाट्याला तर त्यात कडू घास अधिक आला. मार्च 2020 च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या बातम्या सुरू झाल्या आणि रोगाला जणू धर्म चिकटवण्यात आला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यात आल्याचे दिसते, अशा स्पष्ट शब्दांत निरीक्षण नोंदवले. तो निकाल पाच महिन्यांनी आला. त्या पाच महिन्यांत संशयाच्या नजरेने किती घरांची झोप उडाली असेल, याचा हिशेब कोणत्या न्यायालयात मांडणार? अशा भीतीने माणूस ताप लपवतो, तपासणीला जाणे लांबवतो आणि नुकसान त्याचेच होते.

पण खोट्या बातम्या एकाच बाजूने येतात असे नाही. 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा लस घेऊ नका म्हणणारे संदेश आपल्याच मोबाईलमधून आपल्याच नातेवाइकांना गेले. तेव्हा नियम असा करावा की, बातमी दिवसातून दोनदाच पाहायची, सकाळी एकदा आणि मगरिबच्या आधी एकदा. इशानंतर नाही. आणि ज्या संदेशाने हात-पाय गार पडतात, तो पुढे पाठवण्याआधी एखाद्या शिक्षकाला किंवा डॉक्टरला विचारायचे.

कोंडलेल्या माणसाने दिवस कसा धरून ठेवावा, याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रज सरकारने मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात डांबले. 1945 पर्यंत ते तिथे होते. सुटका केव्हा, हे कोणाला ठाऊक नाही. सुरुवातीला बाहेरची खबर नाही, घरचे पत्र नाही. मौलाना पहाटे सारे झोपलेले असताना उठत, स्वतःच्या हाताने चहा करत, तोही दूध न घालता, आणि लिहायला बसत. मित्राला उद्देशून लिहिलेली ती पत्रे तेव्हा धाडता आली नाहीत. पुढे 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. त्यांत इतिहास आहे, तत्त्वज्ञान आहे, पण चहावर आहे आणि खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवरही आहे. एवढा विद्वान माणूस दिवसचे दिवस चिमण्यांशी ओळख करून घेत होता! नेहरूंनी तिथेच ‘भारताचा शोध’ लिहिले आणि बागही केली.

एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना किल्ल्यात होते. अखेरची भेट झाली नाही. सरकारकडे सवलत मागायची नाही, हे त्यांनी ठरवले होते. त्या दिवसांत त्यांनी उठण्या-बसण्याची, जेवणाची एकही वेळ चुकू दिली नाही, आणि आतली घालमेल कागदावर उतरवली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. नुसता दिनक्रम पाळला आणि दुःख गिळले असते, तर तो माणूस आतून फुटला असता. नुसते दुःख करत बसले असते, तर दिवस हातचे गेले असते.

2020 आणि 2021 मध्ये आपल्यातल्या अनेकांनी असे दुःख पाहिले. जनाजाला वीस माणसांची मर्यादा. बहिणीला भावाचे तोंड पाहता आले नाही. पुरसा द्यायला येणारे दारातूनच हात हलवून गेले. ज्यांनी तेव्हा रडून घेतले नाही, त्यांचे ते रडणे अजून राहिलेले आहे असे मला वाटते, विशेषतः पुरुषांचे. छाती भरून येणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे, विनाकारण मुलांवर हात उगारणे, हे पंधरा-पंधरा दिवस चालले तर तो स्वभाव नव्हे, तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. त्यासाठी नांदेडला जाण्याचेही भाडे लागत नाही. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की फुकट बोलता येते, मराठीतही. त्यात लाज नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना आपण लाजतो का?

आता मघाशी राहिलेला प्रश्न. सगळेच बसले तेव्हा राबले कोण? मौलानांच्या उदाहरणातही एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते चहा स्वतः करत, पण बाकी स्वयंपाक त्यांना करायचा नव्हता. कैद्यांसाठी रांधणारे दुसरे होते. आपल्या घरांत ते दुसरे म्हणजे अम्मी.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली, म्हणजे साथीच्या आदल्या वर्षी, माणसे आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकामाला दिवसभरात हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात 81 निघाल्या आणि पुरुष 26. ज्या स्त्रिया ते काम करतात त्यांना सरासरी 299 मिनिटे लागतात, जवळजवळ पाच तास. जे पुरुष करतात त्यांना 97. मग साथ आली. पुरुष महिनोन्महिने घरी बसले. निदान आता तरी त्यांना चूल कुठे आहे ते कळले असेल, असे आपल्याला वाटेल. 2024 साली तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रिया 289 मिनिटे, पुरुष 88. म्हणजे पुरुषांचा वेळ आणखी नऊ मिनिटांनी उतरला! बहिणींनो, हसू नका, हे आपल्या सगळ्यांच्या घरचे आहे.

टाळेबंदीतल्या रमजानचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सेहरीला सर्वांच्या आधी उठायचे. घरात एरवी दोन माणसे दुपारी असत, आता आठ. ज्यांना रोजा नाही त्या लहानग्यांचे दुपारचे जेवण. पाणी भरणे, भांडी, कपडे. शाळा मोबाईलवर, म्हणून त्याचीही राखण. मग इफ्तारी, मग रात्रीचे जेवण, मग पुन्हा सेहरीचे पीठ. आणि या सगळ्यात मियाँसाहेब विचारतात, चहा झाला का? त्या वर्षी घरातल्या छळाच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने सांगितले. ती टोकाची गोष्ट झाली. पण जिथे हात उगारला गेला नाही, तिथेही पाठ मोडलीच.

म्हणून मोठ्या माणसाने स्वतःची निगा राखावी असे जे मी इतका वेळ सांगत आहे, ते पुरुषाला सांगून भागत नाही आणि स्त्रीला नुसते सांगून उपयोग नाही. तिला चालायला पंचवीस मिनिटे कोठून मिळणार? ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातून मिळतील, तेव्हाच मिळतील. आणि मदत करतो हा शब्द पुरुषांनी सोडून द्यावा. मदत म्हणजे तिने सांगायचे, आपण करायचे आणि तिने पुन्हा नीट करून घ्यायचे. त्यापेक्षा एक काम पूर्ण उचलावे. पाणी भरायचे तर नळ केव्हा येतो, हंडे घासले आहेत का, पिण्याचे वेगळे ठेवले का, हे सगळे आपले. इफ्तारनंतरची भांडी घ्यायची तर महिनाभर घ्यायची, पाहुणे आले म्हणून सोडायची नाहीत. प्रेषितसाहेब घरी असताना घरच्यांच्या कामात असत, असे हजरत आयेशांच्या कथनात येते. सुन्नत म्हणून दाढी राखणाऱ्या भावांनी ही सुन्नतही ध्यानात घ्यावी.

आणि बहिणींनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. काम दुसऱ्याने केलेले तुम्हाला पटत नाही. भांड्याला साबण राहिला म्हणून तुम्ही ते हातातून ओढून घेता. राहू द्या साबण आठ दिवस. तो वेळ खाटेवर पडून घालवा, जेवून खाऊन फोनवर बहिणीशी बोला, पूर्वी गोधडी शिवत होतात तर टाके घाला. ठिगळांची गोधडी अशा दिवसांत जशी पुरी होते तशी एरवी होत नाही. आणि स्वतःची गोळी स्वतःच्या वेळेला घ्या, सर्वांना वाढून झाल्यावर नव्हे.

हाताला काम हवे, ही गोष्ट पुरुषांनाही लागू आहे. मोडकी खुर्ची, गळणारा नळ, दोऱ्या सुटलेली बाज हे सगळे दोन दिवसांत संपते. मग काय? मुलाचे पुस्तक घ्या. ज्या बापाला शाळा लवकर सोडावी लागली, त्याने सहावीच्या मुलीपुढे बसून मराठीचा एक धडा मोठ्याने वाचायचा आणि तिने चुका काढायच्या. सुरुवातीला दोघेही संकोचतात. चौथ्या दिवशी ती मुलगी मास्तरीण होते आणि आवाज चढवते. दादींना मोबाईल देऊन गप्प बसवण्याऐवजी त्यांना विचारा, पोलीस ॲक्शनच्या वेळी, 1948 साली, तुम्ही कुठे होता, 1972 च्या दुष्काळात काय खाल्ले, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे. त्याही पिढीने कोंडून घेतलेले दिवस काढलेले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे एक काम. आज घरी गेल्यावर वहीचा एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव लिहा. त्यापुढे तो केव्हा उठतो, कोणती गोळी घेतो, केव्हा चालतो आणि घरातले कोणते एक काम पूर्णपणे त्याचे, हे त्यालाच विचारून भरा. ज्याच्या नावापुढे शेवटची जागा कोरी राहील, त्याच्याकडे तो कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन जा. कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा, बैठकीत नको. बैठकीत तो पाहुण्यांसाठी होतो. वर कोपऱ्यात 14416 लिहायला विसरू नका.